शेवटची चार पानं

रविवार, १ जून
कात्रज

नीरजा,

तू व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, फोनवर ब्लॉक केलंस, इन्स्टावरून तर त्याआधीच काढून टाकलं होतंस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावर माझं नाव मुद्दाम ठळक लिहिलंय, चोरून काही करायचं नाही असं ठरवलंय म्हणून. फाडायचं तर न उघडता फाड. पण तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू दुसऱ्याच्या घरी गेलीस तर लोणच्याच्या बरणीवरचं लेबलसुद्धा वाचून येतेस.

तुझी पूर्वा काल मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात आली होती. पाणीही न पिता तिने तुझा निरोप सांगितला. "समितीला एक अर्ज लिही, की शेवटची चार पानं तू बाइंडिंगच्या वेळी नीरजाला न विचारता घातलीस. बारा तारखेला मीटिंग आहे. एवढंच लिही. बाकी काही नको." बाकी काही म्हणताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, की तो बाकी काही म्हणजे मीच.

लिहीन. नाही म्हणत नाही. पण आधी मला कळू दे की मी नक्की काय केलं.

तू पेन ड्राइव्ह दिलास तेव्हा मामा जेवायला गेला होता. म्हणालीस, ब्याऐंशी पानं आहेत, पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आणि सॉफ्ट कॉपी इथूनच कॉलेजला मेल कर, माझ्याकडे नेट धड चालत नाही. हे सगळं तू गिऱ्हाईक बोलतं तसं बोललीस. मी बिल फाडलं. मग तू थोडं थांबून म्हणालीस, "नीट कर हं." त्या दोन शब्दांवर मी आठवडा काढला. वेडा म्हण.

मी तुझा प्रबंध वाचला. प्रिंट करताना कोणी वाचत नाही, आमच्याकडे रोज दहा प्रबंध येतात, मामा म्हणतो की वाचायला लागलो तर वेड लागेल. पण तुझा मी अक्षर अक्षर वाचला. आधुनिक अमेरिकन कादंबरीतला शोकात्म नायक. तुला आठवतं ना, हा विषय आपण दोघांनी मिळून निवडला होता, मी अजून कॉलेजात होतो तेव्हा. तू लिहिलंयस, की पूर्वीचे नायक सिंहासनावरून पडायचे, हे नायक नोकरीवरून पडतात, घराच्या हप्त्यावरून पडतात, आणि तरी पडणं तेवढंच मोठं असतं. आणि तो तुझा कागद गिरणीतला फोरमन. गिरणी बंद पडलीय, तरी तो रोज सकाळी डबा घेऊन गिरणीच्या फाटकापर्यंत जातो. गावाला वाटतं, हा मालकाशी शेवटपर्यंत लढला. गाव त्याचा सत्कार करतं. खरं म्हणजे गिरणी बंद करायच्या कागदावर पहिली सही त्याचीच होती. मला रडू आलं, मामाला सांगितलं टोनर डोळ्यात गेला.

पण तुझा शेवट, नीरजा. शेवटच्या पानावर तू त्या माणसाला सोडूनच दिलंस. त्याची बायको त्याचे न मळलेले कामाचे कपडे पुन्हा धुते, आणि तिथे तुझा प्रबंध संपतो. एवढा मोठा माणूस, आणि शेवटी दोरीवर वाळणारा शर्ट? मला वाटलं, घाई झाली असेल तुला. तारीख जवळ होती. मला वाटलं, याला कोणीतरी उभं करायला पाहिजे.

म्हणून चार पानं. माझी भेट समज. तुझ्याशी बोलायला दुसरी जागा तरी कुठे ठेवली होतीस?

आता कॉलेजचं ते नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर म्हणतंय की ती चारही पानं लाल. सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी काय, शब्दाला शब्द जोडून पाहणारं यंत्र. जगात दोन माणसांना एकच गोष्ट वाटू शकत नाही का? अमेरिकेतल्या कोणाला तरी वाटलं, मलाही वाटलं. यात चोरी कुठे आली?

आणि समितीचे अध्यक्ष श्रीनिवास सर. हे ऐकून तर माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाने भर वर्गात तुला म्हटलं होतं की आधी उच्चार सुधारा, मग कादंबरीवर बोला. मी तिथल्या तिथे हजेरीचा कागद फाडला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. कॉलेज त्या दिवशी सोडलं ते सोडलंच. कोणासाठी? तू मात्र पाण्याचा घोट घेतलास आणि तेच वाक्य, त्याच उच्चारात, पुन्हा वाचलंस. हे मला वर्गातल्या गंधारने नंतर सांगितलं. मी तोपर्यंत जिना उतरलो होतो.

त्या माणसाला अर्ज लिहायचा. प्रति, माननीय.

थोडा वेळ दे.

अवधूत


मंगळवार, १० जून
दुकान

नीरजा,

दिला. आज सकाळी स्वतः जाऊन दिला.

आठवडा लागला, कारण मला तो नुसता अर्ज करायचा नव्हता. अडीच पानं झाली. मामाने मागून वाकून पाहिलं.

"अवधूत, दुकानाचं नाव टाकू नकोस. कॉलेजचं सगळं बाइंडिंग आपल्याकडे आहे."

"नाही टाकत, मामा."

"आणि कविता पण टाकू नकोस."

मी टाकली नाही. पण जे खरं वाटतं ते लिहिलं. पूर्वाने सांगितलं होतं एवढंच लिही, पण एवढंच लिहिलं असतं तर ते एखाद्या कारकुनाने लिहिल्यासारखं झालं असतं. यंत्रात कागद अडकला, चार पानं चुकून गेली, क्षमस्व. तुझ्यासाठी माणूस उभा राहतोय तर त्याने नीट उभं राहायला नको का? म्हणून मी लिहिलं, की त्या पानांतला प्रत्येक शब्द माझा आहे. त्या नायकाचं दुःख मला जेवढं कळलं तेवढं या कॉलेजात कोणालाच कळलेलं नाही. कुमारी ओव्हाळ यांच्यावर माझं प्रेम आहे आणि त्या प्रेमापोटी मी हे लिहिलं. शिक्षा द्यायची तर मला द्या, मी कुठल्याही व्यासपीठावर येऊन सांगायला तयार आहे. शेवटी श्रीनिवास सरांना उच्चारांबद्दल एक ओळ. एकच.

आवक-जावकच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "विषय काय घालू?"

म्हटलं, "कबुली."

"कबुली असा विषय नसतो. संकीर्ण घालते."

शिक्का मारला आणि माझी प्रत परत दिली. मी जिन्यात थोडा वेळ उभा राहिलो. ज्या जिन्यातून दीड वर्षापूर्वी उतरलो तोच. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता तुला कळेल.

परवा मीटिंग झाली की फोन कर. अनब्लॉक करायची गरज नाही, पूर्वाच्या फोनवरून केलास तरी चालेल.

तुझा
अवधूत


शुक्रवार, १३ जून
दुकान

नीरजा,

तू काल मीटिंगनंतर दुकानात आलीस, "दोन मिनिटं बाहेर ये" म्हणालीस आणि पुढे चालायला लागलीस. तुझ्या हातात माझ्या अर्जाची प्रत पाहिली आणि मी मूर्खासारखा खूश झालो. तुझ्यामागून येताना केस नीट केले, हे तुला दिसलं नसेल.

काल जे बोललीस ते सगळं मी इथे लिहून ठेवतोय. ऐकताना माझे कान तापले होते, काय ऐकलं आणि काय नाही ते कळेना. चुकत असेन तर सांग.

तू म्हणालीस, "सरांनी अर्ज मोठ्याने वाचला. सगळ्यांसमोर. प्रेमापोटी वगैरे सगळं. मग मला म्हणाले, म्हणजे प्रबंधाचा काही भाग दुसऱ्याने लिहिला हे मान्य आहे तर. आणि हा दुसरा म्हणतो प्रत्येक शब्द माझा, आणि रिपोर्ट म्हणतो प्रत्येक शब्द उचललेला. मग यातलं खोटं कोण बोलतंय, तुम्ही का तो?"

मी म्हटलं, "सर मुद्दाम करतायत."

"सर बरोबर विचारतायत. आधी माझ्यावर एक आरोप होता, आता दोन आहेत. कॉपी केली, आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलं."

मी काहीतरी बोललो. बहुतेक, मी सरांना बघून घेतो, असं.

"बघून घेऊ नकोस. कोणालाच बघून घेऊ नकोस. मला एक सांग. ती पानं तू लिहिलीस का?"

"हो."

"अवधूत. लिहिलीस का?"

तेव्हा मी ओरडलो. रस्त्यावरची माणसं बघायला लागली, रसवाला हातातला ग्लास विसळायचा थांबला. माझ्यावर तुझा एवढाही विश्वास नाही का, असं ओरडलो. आणि तू आवाज न चढवता म्हणालीस,

"तू कॉलेज सोडलंस तेव्हा लोक काय म्हणाले? पोराला डोकं फार आहे, रागीट आहे. घरचे दोन दिवस रागावले, मग मामाच्या दुकानात बसवलं. माझ्यावर नोटीस आली तेव्हा काय म्हणाले सांगू? म्हणाले, वाटलंच होतं. म्हणाले, हिला कुठलं एवढं इंग्रजी येतंय. कल्याणी मॅडम माझ्या गाइड, त्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्याकडे बघेनात. तुझी चार पानं काढून टाकता येतील रे. माझ्या ब्याऐंशी पानांवर आता कोण विश्वास ठेवणार?"

मग सांगितलंस की पंचवीसला शेवटची बैठक आहे. त्या दिवशी एक तर निकाल लागेल, नाहीतर प्रबंध रद्द. रद्द झाला तर हे वर्ष गेलं आणि जुलैतली पीएच.डी.ची मुलाखतही गेली. तुझ्या घरात एम.ए.पर्यंत पोचलेली तू पहिली, हे तू बोलली नाहीस. ते मला आधीपासून माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय होतं, हे मी आत्ता लिहिताना थांबून बघतोय.

जाताना म्हणालीस, "तू माझा शेवट वाचलाच नाहीस. वाचला असतास तर त्याच्यापुढे काही लिहिलं नसतंस."

मी तो शेवट सात वेळा वाचलाय, नीरजा. आज आठव्यांदा वाचला. बायको कपडे धुते. पुढे काय?

आणि मी हो का म्हणालो ते मला सांगता येत नाही. म्हणजे ते पूर्ण खोटं नाही. माझी एक वही आहे, एफवायपासूनची. त्यात मी वाचलेलं, सुचलेलं, सगळं लिहीत आलोय. ती चार पानं त्या वहीतून आली. वही माझी. अक्षर माझं. त्यातलं कुठलं वाचलेलं आणि कुठलं सुचलेलं हे इतक्या वर्षांनी कोण सांगणार?

हे मी तुला काल सांगायला हवं होतं का?

चिडून लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय. तुझ्यावर नाही चिडलो. कोणावर चिडलोय तेच कळत नाहीये.

अ.


गुरुवार, १९ जून
दुकान

नीरजा,

मी मंगळवारी विश्रांतवाडीला तुझ्या घरी येऊन गेलो. काकांनी सांगितलं असेल, नसेलही. माफी मागायला आलो होतो असं मी बसमध्ये स्वतःला सांगत होतो. खरं तर तुला पाहायचं होतं. तू लायब्ररीत होतीस.

काका दारात म्हणाले, "या. चपला तिथे काढा. ती सहाला येते." म्हणजे सहाच्या आत जा, हे मला कळलं.

त्यांनी स्वतः चहा केला. टेबलावर तुझा प्रबंध होता, मीच बांधलेली प्रत, आणि शेजारी ती त्यांची जुनी डिक्शनरी, पुठ्ठा निघालेली. मी म्हटलं, काका, ही डिक्शनरी मी बांधून देतो. ते म्हणाले, "नको. बांधली की नीट उघडत नाही."

मला शांतता झेपत नाही, तुला माहीत आहे. मीच सुरू केलं, की मी समितीला लिहून दिलंय, सगळं स्वतःवर घेतलंय, मला फार वाईट वाटतंय. त्यांनी चहा संपवला आणि प्रबंध माझ्याकडे सरकवला.

"सरकारी छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. इंग्रजी मला फार येत नाही, पण कोण लिहितंय ते कळतं. ही ब्याऐंशी पानं मी तीनदा वाचली, डिक्शनरी घेऊन. त्र्याऐंशीव्या पानावर डिक्शनरी मिटली."

"का?"

"तिथे नीरजा नाहीच. आमची पोरगी जिथे 'परंतु' लिहिते तिथे हा माणूस 'अहाहा' करतो."

मी म्हटलं, "काका, ते मी लिहिलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. प्रुफात चूक सापडली की माणूस बघतो, तसं.

"तुम्ही दोनदा घरी आला होतात. बोलताना ऐकलंय तुम्हाला. तुम्ही एकही वाक्य पुरं करत नाही. या चार पानांत सगळी वाक्यं पुरी आहेत."

मी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. साडेपाच वाजले होते. ते दारापर्यंत आले, म्हणाले, "हे मी तिला बोललेलो नाही. ते तुमचं तुम्ही बोला." आणि मी चपला घालेपर्यंत दार उघडं धरून उभे राहिले.

काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी वही आणली होती. ती चार पानं समोर ठेवली आणि एकेक वाक्य नेटवर टाकून शोधायला बसलो. एकसष्ट वाक्यं आहेत. मला वाटलं होतं निम्मी तरी माझी निघतील. दहाव्या वाक्यापर्यंत वाटत होतं. मग वाटायचं थांबलं. सत्तावन्न सापडली. तिकडच्या कुठल्याशा कॉलेजातल्या एका मुलीने तिच्या निबंधात लिहिलेली, जशीच्या तशी. माझी उरली चार. त्यातलं एक आहे, 'आता आपण दुसऱ्या मुद्द्याकडे वळू.'

वहीत सुरुवातीच्या पानांवर मी साइटचं नाव लिहायचो. मग कधीतरी लिहायचं सोडलं. आळस म्हणून सोडलं का मुद्दाम, हे मी खूप आठवून पाहिलं. आठवत नाही. पण पेनाची शाई बदललेली दिसते त्या पानापासून, आणि त्या पानावर तारीख आहे तेरा ऑगस्ट. त्याच आठवड्यात तू पहिल्यांदा कँटीनमध्ये माझ्या टेबलावर येऊन बसलीस.

आता ते लिहायलाच हवं. तुला आठवत असेल मी तेव्हा काय म्हणालो होतो. माणूस पडतो तेव्हाच त्याची खरी उंची मोजता येते. तू पेन काढलंस आणि हातावर लिहून घेतलंस, वही जवळ नव्हती म्हणून. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, रात्री हात धुताना जपून धुतला. त्या वाक्यावर आपलं सगळं सुरू झालं, निदान मी तसंच समजत आलोय. ते वाक्य वहीच्या चौथ्या पानावर आहे. शेजारी साइटचं नाव आहे, माझ्याच अक्षरात. म्हणजे ते बोलताना मला माहीत होतं.

परवापर्यंत मला ते माझं वाटत होतं. शप्पथ. आणि माहीतही होतं. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा राहिल्या, हे तू तुझ्या फोरमनला विचारून सांग. सही त्याची होती हे त्याला आठवत होतं ना? मग हार घालून घेताना तो मान खाली करतो, ती लाजेने का हार नीट पडावा म्हणून? तू दुसऱ्या प्रकरणात हे विचारलंयस आणि उत्तर दिलेलं नाहीस. मी ते पान तीनदा वाचून पुढे गेलो होतो.

आणि मला आता ते कपडे कळले. तो रोज गिरणीच्या फाटकाशी उभा राहून परत येतो, म्हणून कपडे मळत नाहीत. धुणारीला ते पहिल्याच दिवशी कळणार. तिला सगळं माहीत होतं. तरी धूत राहिली. तू तिथे थांबलीस कारण तुला तिच्याबद्दल लिहायचं होतं, आणि मी तिच्या अंगावर चार पानं टाकून पुन्हा त्यालाच वर चढवलं.

मग मला भीती वाटायला लागली. तुलाही माहीत होतं का? कँटीनमधलं ते वाक्य माझं नाही, हे? तू एवढं वाचतेस, तुझ्या नजरेतून ते सुटलं असेल असं वाटत नाही. माहीत असूनही इतकी वर्षं काही बोलली नाहीस, का खरंच माहीत नव्हतं? माहीत नव्हतं तर मी आत्ता ते तुझ्याकडून काढून घेतोय. माहीत होतं तर मग तू माझ्यात काय पाहिलंस? यातलं काय खरं असावं असं मला वाटतं, तेही ठरत नाही. सकाळी एक वाटतं, जेवल्यावर दुसरं.

उत्तर देऊ नकोस. मी हे विचारायचं म्हणून विचारत नाहीये. म्हणजे विचारतोय, पण.

मामाला सगळं सांगितलं. तो स्टेपलरमध्ये पिना भरत होता.

"मामा, दुकानाचं नाव घालावं लागेल. तुझी मूळ फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरवर आहे, ब्याऐंशी पानांची, तारखेसकट. आणि माझी शहाऐंशीची."

"माझी कुठली फाइल?"

"नीरजाची."

"मग नीट बोल." पिना भरून झाल्या. "कॉलेजचं काम जाणार."

"हो."

"गेलं तर गेलं. लग्नपत्रिका करू. त्यात चार पानं जास्त घालायची कोणाची छाती होत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "माझीही सही घे त्याच्यावर. आणि या वेळी एका पानात बसव."

एका पानात बसवणं फार अवघड आहे, नीरजा. मी पाच वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी कुठून तरी मी आत येतो. एकदा तर शेवटी लिहिलं होतं, की समितीने मला हवी ती शिक्षा द्यावी. मग लक्षात आलं, मी विद्यार्थीच नाही. मला ते काहीच करू शकत नाहीत. किती सोपं होतं सगळं स्वतःवर घेणं.

हे पत्र तुला पंचवीसच्या आधी मिळेल का नाही माहीत नाही. अर्ज पोस्टाने पाठवत नाही. स्वतः नेऊन देतो.

अवधूत


दिनांक : २४ जून २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष, चौकशी समिती,
इंग्रजी विभाग.

विषय : कु. नीरजा ओव्हाळ यांच्या एम.ए. प्रबंधातील पृष्ठे ८३ ते ८६ बाबत.

महोदय,

मी, अवधूत लिमये, आपल्या महाविद्यालयाजवळील आपटे झेरॉक्स व बाइंडिंग या दुकानात काम करतो. कु. ओव्हाळ यांनी प्रबंध छपाई व बांधणीसाठी माझ्याकडे दिला, तेव्हा तो ब्याऐंशी पानांचा होता. त्यापुढील चार पाने मी त्यांना न विचारता घातली. प्रती त्यांना सादर करण्याच्या दिवशीच मिळाल्या, आणि दुकानातून त्या थेट कार्यालयात गेल्या. सॉफ्ट कॉपीही मीच मेल केली. त्यामुळे ही पाने त्यांनी सादर करण्यापूर्वी पाहिलेली नाहीत.

ही पाने मी लिहिलेली नाहीत. ती मी इंटरनेटवरील एका निबंधातून उतरवली. त्यातील एकसष्टपैकी सत्तावन्न वाक्ये त्या निबंधात जशीच्या तशी आहेत. निबंधाची छापील प्रत, ज्या वहीत मी तो उतरवून ठेवला होता ती वही, आणि दुकानातील संगणकावरील दोन्ही फाइल तारखांसह सोबत देत आहे. दुकानाचे मालक श्री. श्याम आपटे यांचे निवेदनही सोबत आहे.

मी १० जून रोजी दिलेला अर्ज खोटा आहे. त्यात प्रत्येक शब्द माझा असल्याचे मी लिहिले होते. तसे लिहिण्यास मला कु. ओव्हाळ यांनी सांगितले नव्हते. त्यांनी फक्त खरे लिहिण्यास सांगितले होते. त्या अर्जातील माझ्या भावनांचा या प्रकरणाशी संबंध नाही आणि त्या कु. ओव्हाळ यांच्या संमतीने लिहिलेल्या नाहीत. आपल्याविषयी त्यात जे लिहिले, ते या प्रकरणात आणायला नको होते.

प्रबंध पान ब्याऐंशीवर संपतो. तो तिथेच संपायला हवा, हे तो नीट वाचणाऱ्याला कळते. मी तो वाचला तेव्हा मला कळले नव्हते.

कृपया ती ब्याऐंशी पानेच तपासावीत.

आपला,
अवधूत लिमये

प्रत माहितीसाठी : कु. नीरजा ओव्हाळ, विश्रांतवाडी.